गाठोड्यातली तिसरी वस्तू

४ मार्च

चि. भुंगी हिस अ. उ. आ.

मी तुझी आजी. विसरली असशील, म्हणून सांगते: तुझ्या आईची आई, कानाने तल्लख, अक्षराने कोरी. महिना झाला, तुझी ओळ नाही. आजीला वाचता येत नाही, मग लिहायचं कशाला, अशी तुझी समजूत दिसते. फोनवर तू नुसतं हं-हं करतेस, म्हणून पत्र. खालच्या मजल्यावरचे शिंपीमास्तर लिहितायत. टोमणे गाळणार नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

तुझी आई जाऊन पाच आठवडे झाले. तू आलीस, दोन दिवस खुर्चीत बसलीस, परत गेलीस. डोळ्यांत टिपूस नाही. माझंही तसंच आहे. भांडी घासते, ती घासली जातात.

पण तिचं गाठोडं अजून इस्पितळातच आहे. भरती करताना तिच्या अंगावरचं तूच तिथल्या ठेवीच्या खोलीत दिलंस, कागदावर नाव तुझंच. कोणी नेलं नाही तर महिनाअखेरीस ते भट्टीत जाईल.

त्या खोलीत मी एकतीस वर्षं काढली. चिठ्ठ्या वाचता येत नसत, म्हणून माझी रीत होती: जो न्यायला येईल त्याने आतल्या तीन वस्तू सांगायच्या. आता तिथे माझ्या हाताखाली शिकलेली बाई आहे, तिने रीत सोडलेली नाही. मी तोंड दाखवलं असतं तर दिलंही असतं तिने. पण आपणच घातलेली रीत आपणच कशी मोडायची? तेव्हा तुझ्या सहीचा कागद आणि तीन वस्तू लिहून पाठव. तुमच्या ऑफिसात रचताय त्या शब्दकोशातून जरा डोकं वर काढ.

आहे तेवढा जीव लावून ठेव. वाढव म्हणत नाही.

तुझी आजी

११ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

टोमणे पोचले. मास्तरांनी एकही गाळलेला नाही.

इथे आमच्या लांब टेबलावर सध्या लॅटिन नावाची जुनी भाषा आणि तिच्या लेकी आहेत. माझ्या वाट्याला राखण्या-सांभाळण्याच्या शब्दांचं पान आलंय. त्या आईचा एक शब्द ‘कुस्तोदिया’, म्हणजे राखण. इटालियन लेकीने त्याचं चष्म्याचं घर केलं, व्हायोलिनची पेटीही केली. स्पॅनिश लेकीकडे तोच शब्द कोर्टाने दिलेल्या मुलाच्या ताब्याला लागतो. जपून ठेवण्याचा शब्द फ्रेंच लेकीकडे जाऊन डब्यात बंद केलेलं खाणं झाला. तिसरा ‘तुतेला’. त्याच्या मुळाशी नुसतं बघणं आहे, मग नजर ठेवणं, आणि आता लेकींकडे पोरक्या मुलाचं पालकत्व. तिथे माझं पान अडलंय. चार दिवस झाले.

हे सगळं मला लिहिता येतं. आईचं म्हणशील तर काहीच होत नाही. दात काढण्याआधी गाल बधिर करतात, तसं.

वस्तू. एक, चष्मा. दोन, करडा स्वेटर, कोपराला तू लावलेलं ठिगळ. तिसरी आठवत नाही. आई एकेक वस्तू माझ्या हातात देत होती आणि मी कानाला फोन लावून ऑफिसशी कुठल्याशा शब्दावरून वाद घालत होते. तिने तिसरं काहीतरी दिलं. हाताला गार लागलं. मी बघितलं नाही.

सहीचा कागद सोबत आहे. दोन वस्तूंवर मिळत नसेल तर राहू दे.

कळावे, आणि रागावू नये.

तुझी भुंगी

१९ मार्च

चि. भुंगी हिस अ. उ. आ.

तुझं पत्र मास्तरांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी न सांगता.

तुझी ती लॅटिन नशिबाची. आई गेली की लेकी भांडी वाटून घेतात, एकीला घागर, एकीला झाकण, आणि जन्मभर म्हणतात माझीच वाटणी लहान. आमच्याकडे उलटं झालं, लेक आधी गेली. त्याला तुमच्या पुस्तकात शब्द असला तर कळव. नसला तरी अडत नाही.

मंगळवारी गेले. बाईने कागद पाहिला, वस्तू विचारल्या. दोन सांगितल्या. तिसरी पोरीला आठवत नाही म्हटलं, तर ती उठली आणि गाठोडं काढून समोर ठेवलं. मीच तिला विचारलं, की अगं, रीत कुठे गेली? तर मलाच सांगते, की मावशी, तुम्हीच शिकवलंत, तिन्ही वस्तू एका दमात सांगतो त्याच्यावर नजर ठेवायची, जवळच्या माणसाला एखादी आठवतच नाही. खरंच शिकवलं होतं. एका मेलेल्या माणसाच्या भाच्याने घड्याळाच्या पट्ट्याची भोकंसुद्धा सांगितली होती. मागून त्या मेलेल्याची बायको आली, तिला फक्त चपला आठवत होत्या. गाठोडं मी बायकोला दिलं.

अंगठा उठवून घेऊन आले. आता खुर्चीवर ठेवलंय. सोडलेलं नाही. गार काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि मी दाबूनही पाहिलेलं नाही. एकदा पाहिलं, खोटं कशाला बोलू. पण कळलं नाही. गाठ तू मारलीस, तूच सोडायची.

इथे आल्यावर रडू फुटेल म्हणून लांबवू नकोस. नाही फुटलं तरी ये. इथे कोणी बघायला बसलेलं नाही, मी सोडून.

मास्तर विचारतायत शेवटी काय लिहू. त्यांना म्हटलं, लिहा, की इथला पाव फार वातड झालाय, माझ्या हिरड्या ऐकत नाहीत. येणार असलीस तर मऊ पाव घेऊन ये, दोघींपुरता. नसलीस तर अर्धाच पाठव.

तुझी आजी