आगळ भरलेला पांढरा कॅन

आई,

त्या दुपारी तू स्वयंपाकघरात कोसळलीस, त्याबद्दल आपण दोघी पुन्हा कधी नीट बोललोच नाही. तुला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. बाबा मुंबईला नोकरीला, आणि मी संगमेश्वरकडच्या एका बागेत आंब्याच्या पेट्या भरायला जायची. शेडच्या मागे फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन पडलेले असत. पांढरे, जाड प्लास्टिकचे, घट्ट झाकणाचे. आपली चिनीमातीची बरणी आदल्या वर्षीच फुटली होती. एक कॅन मी घरी आणला. वरचा कागद खरवडून काढला, राखेनं घासला, सोड्यानं धुतला, उकळतं पाणी ओतून उन्हात उपडा घातला.

“कुठनं आणलास गो?”

“बागेतनं. फुकट मिळाला. पडला तरी फुटायचा नाही.”

तू तो हातात तोलून बघितलास. “हलका हाय. बरा झाला, बाय.” आणि त्या वर्षीचं कोकमाचं आगळ, मीठ घातलेला तो लालभडक रस, तू त्यात भरलंस.

पंधरा-वीस दिवसांनी मी कामावरून लवकर परतते. तू चुलीपाशी जमिनीवर पडली आहेस. तोंडातून लाळ गळतेय, लुगडं घामानं भिजलंय, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. शेजारी सरबताचा रिकामा पेला. “मीठ बरोबर पडलाय काय बघत हुते,” एवढंच तू पुटपुटतेस. मला वाटतं, ऊन लागलं. मी तुला वारा घालत बसते आणि त्यात कितीतरी वेळ वाया जातो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तुझे डोळे बघताच विचारलं, “औषध प्यायल्यात का या?” मी रडत कॅनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, प्लास्टिक म्हणजे पितळेचं भांडं नव्हे. औषध त्याच्या अंगात मुरतं, घासून जात नाही. त्यात तू आंबट नि खारट भरलंस. त्यानं ते सगळं बाहेर ओढून काढलं.” मी विषाच्या डब्यात आईचं सरबत ठेवलं होतं. हे मला दुसऱ्या कुणीतरी सांगितल्यावर कळलं.

चौथ्या दिवशी तू बोललीस, तेही त्यांच्याशी. “पोरीला काय बोलू नका. तिनं माझ्यासाठी आणलान.” मला तू बोल लावलास तो घरी आल्यावर, आणि एकदाच. “दिसायला चांगला म्हणून काय पण घरात आणायचा नाय. आधी आत काय हुता ता विचारायचा. आता कोयतीनं फोड त्याला नि पुरून टाक.”

आज माझ्या घरात लोणचं, मीठ, आगळ सगळं काचेत नि चिनीमातीत असतं. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात सून गरम आमटी भरायला लागली की मी तिच्या हातातून डबा काढून घेते. कुठलं प्लास्टिक कशासाठी, ते डब्याच्या बुडावरच्या त्रिकोणातल्या आकड्यावरून बघायला शिकले. बाजारातून प्लास्टिकचा नवा डबा आणणं तर कधीचंच सोडलं. सून हसते. तिला मी तुझी गोष्ट सांगितली आहे, पण अर्धीच.

कोयती त्या कॅनवरून नुसती घसरत होती, आई. तेवढ्यात भंगारवाला आला. “फोडतेस कशाला? चांगला हाय, कोण तरी पाणी भरील त्यात,” म्हणाला. मी त्याला काहीच सांगितलं नाही. कॅन दिला आणि बदल्यात लसूण घेतली. तुला म्हटलं, पुरला.

तो कुणाच्या घरी गेला, मला माहीत नाही.