सिनेमातल्या मुलीचा सत्कार

आई, तू गेल्याला नऊ वर्षं होतील, आणि तुला पत्र लिहायची बुद्धी मला आत्ता होते आहे. साउथहॅम्प्टनच्या एका थिएटरच्या ऑफिसात बसले आहे, तालमीला जेवणाची सुट्टी झाली आहे. परवा नाटकाचं माहितीपत्रक छापायला जायचं आहे आणि त्यात निर्मातीची, म्हणजे माझी, चार ओळींची ओळख लागते. पब्लिसिटी बघणाऱ्या बाईंनी फार नाजूकपणे विचारलं, तुझी आधीची वर्षं लिहायची की गाळायची? आधीची म्हणजे ती सहा वर्षं, जेव्हा मी पॉर्नमध्ये काम करत होते. त्या बाईंनी तो शब्द उच्चारला नाही, मीच उच्चारला. त्यांनी मान हलवली आणि चहा आणायला गेल्या. मी तुला विचारायचं ठरवलं, आता उत्तर मिळायची काही सोय नाही हे ठाऊक असून.

तेव्हा मी तुला एवढंच सांगितलं होतं की मी फिल्म लाइनमध्ये आहे. अभिनयाचं शिक्षण घेऊन दोन वर्षं झाली होती आणि मला भूमिका यायच्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या गप्प बसणाऱ्या मुलीच्या. त्यापेक्षा हे काम बरं, असं मी ठरवलं; कोणी ओढून नेलं नव्हतं. तू मात्र ‘फिल्म’ एवढाच शब्द ऐकलास आणि हवेत गेलीस. विमानतळाच्या किचनमध्ये दिवसभर जेवणाचे ट्रे भरायचे आणि ब्रेकमध्ये सगळ्या बायकांना सांगायचं, माझी मुलगी सिनेमात असते. आपल्या हाउन्सलोच्या मराठी मंडळात डॉक्टर, अकाउंटंट ढिगाने होते. सिनेमातली मुलगी फक्त तुझ्याकडे होती.

आणि मग मंडळाने ठरवलं की गणपतीत माझा सत्कार करायचा. दरवर्षी शाळेच्या परीक्षेत ए-स्टार मिळवणाऱ्या पोरांना शाल-श्रीफळ मिळायचं, त्याच यादीत माझं नाव. एकानेही विचारलं नाही की कोणती फिल्म, कुठे बघायला मिळेल. अशी चूक फक्त आपलीच माणसं करू शकतात. मी पिकॅडिली लाइनची ट्यूब पकडून हाउन्सलोला तुझ्या घरी आले. तू खिरापतीसाठी सुकं खोबरं किसत बसली आहेस, पुढ्यात पेपर पसरलेला, त्यावर पांढरा ढीग.

‘प्रोग्रॅम प्रिंटसुद्धा झालाय,’ तू म्हणतेस. ‘माझी नेव्ही ब्लू नेस. ब्लाउज टाइट होईल, पिन लावू.’

‘आई, मी येणार नाही.’

‘का? शूटिंग आहे? सांग त्यांना, फॅमिली इमर्जन्सी.’

मग मी सांगितलं. दोन वाक्यांत, इंग्लिशमध्ये, कारण मराठीत ते तुला कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. तुझा हात किसणीवर थांबला.

‘म्हणजे कपडे न घालता?’

‘हो.’

‘कोणी फोर्स करतं?’

‘नाही.’

‘चेकअप वगैरे असतं का काही?’

‘दर दोन आठवड्यांनी.’

वरून विमान गेलं म्हणून आपण दोघी थांबलो. हाउन्सलोत भांडणसुद्धा असं तोडत तोडतच करावं लागायचं. विमान गेल्यावर तू म्हणालीस, ‘तू काय करतेस ते तुझं तू बघ, मोठी आहेस. पण माझं का हसं केलंस? वर्षभर मी सगळ्यांना सांगत सुटलेय. मला एकटीलाच माहीत नव्हतं ना?’ मी रडेन असं मला वाटलं होतं, पण रडलीस तू, आणि तशीच उरलेली वाटी किसायला घेतलीस.

मला खात्री होती की तू मंडळाच्या सेक्रेटरी काकांना फोन करून माझं नाव काढून टाकशील. तरी सत्काराच्या दिवशी मी आले. मंडळ गणपती बसवायचं त्या शाळेच्या हॉलमध्ये मागे, कोट टांगतात तिथे उभी राहिले. काका माइकवर माझं नाव घेतात, ‘आपल्या हाउन्सलोची कन्या, सिनेअभिनेत्री’ वगैरे, आणि पहिल्या रांगेतून तू उठतेस. नेव्ही ब्लू तूच नेसली आहेस. काका गोंधळतात. तू माइक जवळ घेतेस आणि म्हणतेस, ‘ती आली नाही. ती काम करते, कष्ट करते, कोणाचं काही लुबाडत नाही. तिचा सत्कार मी घेते.’ टाळ्या पडल्या. खाली उतरलीस ती थेट जेवणाच्या टेबलामागे वरण वाढायला उभी राहिलीस.

तू ते लोकांच्या तोंडाला कुलूप लावायला केलंस की माझ्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही. तूही विषय काढला नाहीस. मात्र दर दुसऱ्या शुक्रवारी तुझा फोन यायला लागला. ‘रिपोर्ट?’ ‘क्लिअर.’ ‘बरं. जेवून घे.’ एवढंच. मी ते काम सोडेपर्यंत तू एक शुक्रवार चुकवला नाहीस. आई, माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कोणी केली नाही, आणि तेव्हा मला त्या फोनचा कंटाळा यायचा.

काम सोडल्यावर मी इल्फर्डच्या एका छोट्या थिएटरात तिकीट खिडकीवर बसले, मग हिशेबबिशेब, लायसन्स, भाड्याचे दिवे हे सगळं शिकत शिकत निर्माती झाले. तुला गंमत वाटेल, पण माझ्या तालमींची इथे ख्याती आहे ती त्या जुन्या कामामुळे. तिथे एक बाई होत्या, शूटिंगची सगळी व्यवस्था त्या बघायच्या. रोज सकाळी दारातच प्रत्येकाच्या हातात कागद द्यायच्या आणि सांगायच्या, आज काय करायचं नाही ते लिही. लिहिलेलं मोडायची कोणाची टाप नव्हती. तोच कागद मी पहिल्या दिवशी नटांना देते. मोठमोठ्या संस्थांत शिकून आलेली मंडळी तो हातात धरून बघत राहतात, कारण त्यांना असं कोणी कधी विचारलेलंच नसतं. काल आमच्या एका साठीतल्या नटाने लिहिलं, ‘माझ्यावर ओरडू नका.’ तेवढंच.

तर मी लिहायचं ठरवलं आहे. ‘सहा वर्षं प्रौढांसाठीच्या चित्रपटांत काम केलं, नंतर रंगभूमीकडे वळले.’ खाली तुझंच आडनाव असेल. मंडळात चर्चा होईल, होऊ दे. मला त्या कामाची लाज वाटत नाही, हे मी इथे कोणालाही तोंडावर सांगू शकते. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट तुला सांगता येईल, जी समोर असतीस तर जमली नसती.

माझ्या पहिल्या नाटकाचा पहिला प्रयोग, पबच्या वरच्या खोलीत, शनिवारी दुपारी. तू विचारलंस, ‘मी येऊ ना गं?’ मी म्हटलं, ‘आई, हाउसफुल्ल आहे, एक सीट नाही.’ तू इतकी हरखलीस. ‘अगं बाई, हाउसफुल्ल? मग राहू दे, बाहेरच्या कोणाला तरी बसू दे.’ आणि ओळखीच्या सगळ्यांना फोन करून ते सांगितलंस. मी तुला दुसऱ्यांदा खोटं बोलायला लावलं. समीक्षक येणार होते, आई. तू डबा घेऊन येशील, त्यांना हात जोडून तुझ्या इंग्लिशमध्ये सांगशील की मी हिची आई, असं मला वाटलं आणि नको झालं. त्या दुपारी मला लाज वाटली होती ती तुझी. साठ खुर्च्यांवर एकोणीस माणसं होती, आणि पहिली रांग सगळी रिकामी होती.