घसरलेल्या सुराचा कार्यक्रम

दादा,

आम्ही स्टुडिओबाहेर गायचं ठरवलं म्हणून बँड सोडताना तू म्हणालास, "स्टेजवर तोंडावर आपटाल." आपटलो! पहिल्याच गाण्यात माझा सूर घसरला आणि स्टुडिओतल्या सवयीने आम्ही चौघंही थांबलो. तिथे तू एकेक ओळ चाळीस वेळा रेकॉर्ड करून घ्यायचास. इथे काचेपलीकडून "पुन्हा" म्हणायला कुणीच नव्हतं. लोक हसायला लागले. तेवढ्यात ड्रमवाली माझ्यावर खेकसली, "अगं, गा की पुढे!" गायले, त्याच घसरलेल्या सुरापासून. दोघंतिघं उठून गेले. जाऊ देत. बाकीचे शेवटपर्यंत बसले.

शनिवारी परत कार्यक्रम आहे. सूर घसरेल, पण मी थांबणार नाही.

हे पत्र एकदाच लिहिलंय, खाडाखोडीसकट. पाठवणार मात्र नाही. तू लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवशील.

तुझीच,
बेसूर धाकटी