दोन अक्षरांचं घर

सिद्धेश्वर धरणाजवळचा तांडा
१२ जानेवारी २००२

ती. सटवाजीमामांना पल्लवीचा सविनय जय भीम. मामींचा गुडघा कसा आहे? वसमतच्या धुळीत दुकानांचे बोर्ड रंगवून तुमचा खोकला वाढला असेलच. माझ्या तब्येतीचं विचारू नका. डी.एड.च्या सरावासाठी इथं आल्यापासून मी नुसती थकलेली आहे. (गुरुजींनी चारही वर्ग माझ्या हवाली केलेत आणि स्वतः उन्हाला बसतात.)

झालं असं की, लेकरं काही केल्या वाचेनात. कॉलेजात सांगितलं होतं, गावालाच पुस्तक करा. म्हणून मी गेरूनं भिंतींवर जिथल्या तिथं शब्द लिहिले. जिवनबाईच्या घरावर ‘दार’, समोर प्रेमसिंगच्या घरावर ‘उंबरठा’. आता इथल्या भिंतींवर आजवर लिहिलं ते फक्त सरकारनं (हिवतापाचे फवारणीवाले, नाहीतर घरकुलाचे पाहणीवाले). सकाळी जिवनबाई शाळेत हजर. “प्रेमसिंगला चार अक्षरं, आमाला दोनच काहून? त्याला मोठं घर मंजूर झालं व्हय?” मी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. तिनं आपली निता शाळेतून काढून नेली आणि तिच्यामागं बाकीच्या दोन अक्षरवाल्यांनीही लेकरं नेली. सोमवारी माझा पाठ बघायला कॉलेजातून मॅडम येणार. वर्गात लेकरंच नसली तर माझं वर्ष गेलं. मला रडूच आलं, मामा.

मग प्रेमसिंगला नेमकं काय मंजूर झालं ते कळावं म्हणून जिवनबाईनं निताला त्याच्या भिंतीपुढं उभं केलं. वर्गात कधी तोंड न उघडलेल्या त्या पोरीनं बोट ठेवून वाचलं, उं, ब, र, ठा. जिवनबाई इतकी हसली की खुंट्याचे बैल बुजले. “म्हंजे त्यालाबी काईच न्हाई!” निता परत आली, बाकीचीही आली. पण जाताना जिवनबाई मला म्हणाली, “दार हाय हे आमाला दिसून राहिलं की. लिवायचं काहून?” याचं उत्तर कॉलेजात शिकवलेलं नाही. सोमवारचा पाठ झाला की मी हे सगळं सोडते. तुमच्याकडे ब्रश धुवायचं काम द्या आणि बाबांना तुम्हीच सांगा.

तुमची भाची,
पल्लवी

ता.क. जिवनबाईनं ‘दार’ शेणानं सारवून टाकलं. तिथं तिला आता स्वतःचं नाव हवंय. पाच अक्षरं भरतात, प्रेमसिंगपेक्षा एक जास्त. तिनं मोजून घेतलीत.

ता.क. २. बाबांना काही बोलू नका. लाल ऑइल पेंटचा एक डबा आणि एक ब्रश एस.टी.नं पाठवा. गेरू पुसतो म्हणून जिवनबाईला चालत नाही. नाव निता लिहिणार आहे. मी फक्त डबा धरायचा.