बाहुलीचा गाल

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का?

मी बरी आहे. पडल्यावर निखळलेला खांदा बसवला, आता दुखत नाही. फक्त पाहिल्याशिवाय हात नेमका कुठे आहे, हे मला कळत नाही. व्यायाम शिकवणारी म्हणते, खांद्याची ती जाण हळूहळू परत येईल. कॉन्व्हेंट शाळेत डोळे बांधून गाढवाला शेपूट लावायच्या खेळात सिस्टर मलाच बक्षीस द्यायच्या, आठवतं?

मागच्या महिन्यात नातीचं हसू बघत तिला कुरवाळायला गेले आणि बोट तिच्या डोळ्यात गेलं. तेव्हापासून सूनबाईंची अट आहे, की न बघता बाहुलीच्या गालाला दहादा नीट हात लावायचा, मगच बाळ हातात मिळेल. रोज जेवणानंतर परीक्षा होते. "आई, कॉपी नको हं," म्हणत माझा लेकच डोळ्यांवर रुमाल बांधतो आणि हसतो.

काल नऊदा जमलं. दहाव्यांदा बोटांना मऊ लागलं. मी म्हटलं, "हा गाल." मग रुमाल काढला. माझा हात बाहुलीच्या गळ्यावर होता आणि सून बाळाला घेऊन आतल्या खोलीत निघाली होती.

तू काळजी करू नकोस. इथे सगळे माझं नीट करतात. बाहुली आता माझ्याच उशाशी ठेवली आहे.

तुझी,
धाकटी