ड्रॉपचं वाक्य

अप्पा,

लातुरात कुणी नवं भेटलं की गाव विचारायच्या आधी विचारतात, "कितवा ड्रॉप?" बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेत मार्क कमी पडले की पोरं कॉलेजला न जाता वर्षभर पुन्हा त्याच क्लासला बसतात. त्याला इथं ड्रॉप घेणं म्हणतात, दुकानातून साखर घ्यावी तसं. तुम्ही गेलात तेव्हा रांगत असलेल्या तुमच्या नातीचा हा दुसरा. तिला डबा, धुणं आणि धीर पुरवायला मी क्लासमागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहते. नवरा अहमदपूरला दुकान सांभाळतो. गल्लीत माझ्यासारख्या आयाच आया आहेत. दुपारी सगळ्यांचे कुकर एकदम शिट्ट्या देतात, कारण पोरं एकदम सुटतात.

ड्रॉपचा हा क्लासमधला अर्थ तुमच्या वेळी नव्हता, नाहीतर तुम्ही सोडला नसता. दिवसभर शाळेत इंग्रजी शिकवून तुमचं पोट भरत नसे. संध्याकाळी जेवायला बसलं की एक शब्द टाकायचात आणि ज्याचं त्यानं आपलं वाक्य करायचं, मगच ताटात भाकरी. नुसता अर्थ सांगितलेला चालायचा नाही. मी एकदा ऐटीत म्हणाले, ड्रॉप म्हणजे थेंब. तुम्ही माझं ताट मागं सारलंत. "थेंब म्हणून मोकळी झालीस? काल तुझ्या भावानं कॅच ड्रॉप केला, तो काय थेंब केला का? वाक्य कर. वाक्यात शब्द आला पायजे." मी रडकुंडीला आले. आई तव्यापुढून म्हणाली, "जेवू द्या की लेकराला. इंग्रजीनं प्वाट भरतंय का कुणाचं? ड्रॉप टाकून टाकून माझे डोळे गेले, आन् ह्यांना शब्दांचं पडलंय!" तुम्ही खो खो हसलात. "घ्या, वाक्य झालं," म्हणालात, आणि पहिली भाकरी तिच्या नावानं काढून ठेवलीत. ती बिचारी अजून थापतच होती. एका शब्दात इतकं काय काय मावतं याचं तुम्हाला फार कौतुक होतं. मलाही होतं, म्हणून मी लेकीशीही तोच खेळ खेळत आले.

आता लेक फारसं बोलत नाही. केस विंचरले की मूठभर गळतात. ताटातलं चिवडत बसते. मागच्या रविवारी टेस्टचे मार्क आले, गेल्या वर्षीपेक्षाही कमी. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. वरणभात कालवला, तिच्यापुढं धरला आणि म्हटलं, "ड्रॉप. कर बघू वाक्य." ती उठून बसली. जराशी हसलीसुद्धा. "बाबांनी मला स्टँडवर ड्रॉप केलं." मी म्हटलं, "इथं नेटवर्क न्हाई, सारखा कॉल ड्रॉप होतोय." तिनं दोन घास घेतले. मला वाटलं, जमलं. मग ती खाली मान घालून म्हणाली, "आई, मला घरी घेऊन चल. माझ्यानं न्हाई होत हे. मला लई भीती वाटते."

अप्पा, मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "ह्याच्यात शब्द कुठं आला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, हात धुतले आणि पुस्तक उघडलं. तेव्हापासून हो आणि नाही, एवढंच बोलते. मला सगळं नीट ऐकू आलं होतं. ते ऐकायचं नव्हतं म्हणून मी तुमचा नियम पुढं केला. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणतो, "आता मधीच कुठं आणतीस? एवढं वर्ष काढू दे." बाथरूममध्ये तिला जरा वेळ लागला की मी दार वाजवते. खोलीची कडी मी तिला आतून लावू देत नाही. एवढं सगळं कळतंय, तरी सामान बांधायला हात उठत नाही. कसली आई आहे मी, कळत नाही.

नांदेडला होस्टेलवर राहून मी अकरावी सायन्स करत होते तेव्हा बूथवरून तुम्हाला फोन केला होता. बोलता येईना, नुसती रडत होते. तुम्ही पहिल्या एसटीनं आलात, काही विचारलं नाहीत, ट्रंक उचललीत आणि म्हणालात, "चल, गाडी चुकंल." घरी आल्यावर आईला बजावलंत, "तिला कुणी काही इचारायचं न्हाई." असा बाप मिळायला भाग्य लागतं, असं सगळे म्हणतात. मीही चारचौघांत तेच सांगते. पण अप्पा, माझ्याबरोबर रडणाऱ्या आणि तिथंच राहिलेल्या पोरी आज डॉक्टर आहेत. बाजारात जाताना त्यांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतात आणि मी दुकानात हिशोबाला बसणारी बाई, पाटी वाचून पुढं जाते.

लेक क्लासला गेलीय, म्हणून हे लिहायला जमलं. हे तुम्हाला पोचणार नाही आणि पोचणार असतं तर लिहिलंही नसतं. तुम्ही मला त्या दिवशी घरी आणलंत, ते मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.