तीन बोटं लांब फोर्क

तीर्थरूप मामा,

नमस्कार. तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल आणि मामी तुम्हाला जिन्यावरून पळू देत नसेल, अशी आशा. आमच्याकडे सगळे मजेत. तुमची जुनी माउंटन बाइकही मजेत, म्हणजे उभी आहे. साठी पूर्ण झाली म्हणून पुढच्या रविवारी तुम्ही तिच्यावरून टेकडी चढणार, हे लक्षात आहे. म्हणूनच लिहितोय.

ठेवायला देताना तुम्ही म्हणाला होतात, पुसून ठेव, बाकी हात लावू नकोस. मी पुसली. पुसताना वाटलं, पुढचं चाक धरणारा हा फोर्क किती आखूड! (इंटरनेटवरचे जाणकार म्हणतात, फोर्क लांब तितका धक्का कमी. या जाणकारांकडे स्वतःची सायकल असते की नाही, कोण जाणे.) ऑफिसातल्या एकाकडे लांब फोर्क पडून होता, तो मी हौसेनं बसवून घेतला. मामा, अठरा वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजतोय. बोटभर हद्द सरकली की सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे मला तोंडपाठ. पण फोर्कला टेप लावायचं काही सुचलं नाही.

तो निघाला तीन बोटं लांब. सायकलीनं नाक वर केलं, सीट मागे कलली आणि चढावर पुढचं चाक माझं ऐकेना. भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजीबाई मला मागे टाकून गेल्या, वर "दम खा रे बाळा" म्हणाल्या. मेकॅनिकनं सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडेच जास्त वेळ. जुनी फ्रेम आखूड फोर्क धरूनच आखलेली असते म्हणे. लांब लावला की सगळीच मागे रेलते, आणि एक दिवस पुढचा सांधा तडकतो. जुना घेऊन या, तासाभरात बसवतो, म्हणाला. घरी बायको (शिवणकाम करणारी, तेव्हा बोलणारच) म्हणाली, दुसऱ्याच्या मापाची बाही लावल्यावर झगा नीट कसा बसेल?

बाकी काळजी नसावी.

तुमचा भाचा

ता. क. जुना फोर्क मी भंगारवाल्याला देऊन टाकला. तेव्हा येणं पंधरा दिवस लांबवता आलं तर बघा. गुडघ्याचं निमित्त चालेल. मला फार वाईट वाटतंय मामा, खरंच.

ता. क. (भाचेसुनेकडून. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय.) मामा, ठरल्या दिवशीच या. भंगारवाला कोपऱ्यावर पोचायच्या आत मी फोर्क परत आणला, बदल्यात यांची बिघडलेली इस्त्री दिली. शिलाई मशीनच्या पेटीत ठेवलाय. यांना सांगितलेलं नाही. मेकॅनिककडून आल्यापासून चार दिवस न सांगता भांडी घासतायत. शनिवारपर्यंत घासू द्या.